समुद्र वेळेवर आला

जालन्याच्या माणसानं समुद्रकाठच्या हॉटेलावर टीका लिहावी, हे म्हणजे मालवणच्या माणसानं हुरड्यावर प्रबंध लिहिण्यासारखं आहे, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. टीका करायला त्या विषयातलं काही यावं लागतं, हा एक गैरसमज आहे. नाटकांवर लिहिणारे सगळेच कुठं तोंडाला रंग फासून उभे राहिलेले असतात? शिवाय मी कॉमर्सचा पदवीधर आहे आणि वीस वर्षं बँकेत कारकुनी करतो आहे. दुसऱ्यानं केलेल्या बेरजेत चूक शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तोच एका संध्याकाळी पोटापाण्याच्या ठिकाणी केला, इतकंच.

दुसरं कारण असं की, जेवून उठल्याबरोबर आमच्या कन्येनं मोबाईल पुढं करून विचारलं, "बाबा, हॉटेलला किती स्टार देऊ? पाचपैकी सांगा." मी विचार करू लागलो. पाच चांदण्यांत त्या रात्रीचा हिशेब काही केल्या बसेना. म्हणून हा लेख.

आधी थोडा भूगोल सांगतो. जालना या नावात जल ऐकू येतं खरं, पण ते नावातच. आमच्या भागातला सागर म्हणजे पैठणचा नाथसागर. १९७६ साली जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं आणि मराठवाड्याला घरचा सागर मिळाला. शंभर टीएमसीहून जास्त पाणी मावतं त्यात. मावतं, असं म्हणायचं. असतं असं नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात तो सागर मृतसाठ्यावर आला होता. ज्याच्या पाण्याला पेपरात 'मृत' म्हणतात, त्याला सागर म्हणायला आमच्यासारखं मोठं मन लागतं.

आता थोडा अर्थशास्त्राचा भाग. बँकेत एलएफसी नावाचा प्रकार असतो. ठरावीक वर्षांनी कुटुंबाला घेऊन फिरून या, भाडं बँक देईल. पण न फिरता रोख पैसे घेण्याचीही सोय असते, आणि जी सोय असते ती कारकून घेतो. आमच्या आईला समुद्र बघायचा होता. २००८ साली ती म्हणाली, "एकदा समुद्र दाखव रे." मी पैसे उचलले आणि फ्रीज घेतला. २०१२ साली तर दुष्काळच पडला. एलएफसीच्या पैशात थोडी भर घालून अंगणात बोअर घेतलं. चारशे फुटांवर धूळ लागली. म्हणजे आईच्या समुद्राचा मी कोरडा बोअर केला, असा त्या व्यवहाराचा सरळ अर्थ होतो. पण त्या वेळी तो कुणी लावला नाही, आईनंही नाही. ती म्हणाली, "असू दे. पाणी काय, टीव्हीतबी दिसतं." २०१६ साली मुलीच्या शाळेची फी होती. २०२१ साली आई गेली.

या वर्षी मी पैसे उचलले नाहीत. बायको, मुलगी, मुलगा आणि शहात्तर वर्षांचे अण्णा, अशी पाच माणसं मी रेल्वेत घातली आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मालवणजवळच्या एका किनाऱ्यावर नेऊन उतरवली. जालन्याहून मुंबई, मुंबईहून कोकण रेल्वेनं कुडाळ, आणि तिथून रिक्षा. निघालो तेव्हा घरी बेचाळीस अंश होते. इथं आठ-नऊ अंश कमी असतील, पण जालन्यात माणूस भाजतो आणि कोकणात उकडतो. भाकरी आणि मोदक यांत जो फरक, तोच.

समुद्रावर पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि ओहोटी होती. वाळू ओली, पाणी लांब. अण्णांनी डोक्यावरची टोपी नीट केली, समुद्राला हात जोडले, आणि मग विहिरीच्या काठावरून खाली बघावं तसं बघत राहिले. ओल्या वाळूच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर त्यांनी नजरेनं मोजलं.

"उन्हाळा इथंबी लागला म्हणायचा," अण्णा म्हणाले. "बघ की, केवढं खाली गेलंय."

मुलं हसली. मी हसलो नाही. १९७२ च्या दुष्काळात अण्णांनी भोकरदनकडं रोजगाराच्या कामावर खडी फोडलेली आहे आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले आहेत. पाणी कुठंही दिसलं तरी ते आधी त्याची पातळी बघतात. कुणाकडं चहाला गेले तरी पिंपात वाकून बघतात.

असो. हॉटेलाकडं वळू या.

नाव मी सांगणार नाही. परीक्षणात नाव न सांगणं हे भ्याडपणाचं लक्षण मानलं जातं आणि मी तो आरोप मान्य करतो. नेपथ्य मात्र उत्तम होतं, हे पहिल्यांदा कबूल केलं पाहिजे. वर माडाच्या झावळ्या, खाली वाळू, मध्ये दिव्यांच्या माळा, आणि पार्श्वसंगीत साक्षात अरबी समुद्राचं. पण त्या संगीतावर मालकाचा विश्वास नसावा, कारण त्यानं वर हिंदी गाण्यांचा कर्णा लावला होता. समुद्रानं एक लाट टाकली की कर्णा दोन गाणी टाकायचा.

खुर्च्या प्लॅस्टिकच्या आणि वाळूत मांडलेल्या. ही व्यवस्था वजनदार माणसाच्या विरोधात आहे. मी बसलो तेव्हा टेबल माझ्या पोटाशी होतं. सूप येईपर्यंत ते छातीशी आलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर मला थेट ताटातून तोंडानंच जेवावं लागलं असतं.

मेनूकार्ड आठ पानांचं. पहिल्या दोन पानांवर सूप आणि स्टार्टर, तिसऱ्या-चौथ्यावर पंजाबी, पाचव्या-सहाव्यावर चायनीज. सातव्या पानावर 'आमची मालवणी खासियत' अशी वीतभर जागा, आणि आठव्यावर आइस्क्रीम. घरच्या कर्त्या माणसाला लग्नात शेवटच्या रांगेत बसवावं, तशी बिचारी खासियत सातव्या पानावर बसली होती. तिच्यातही पापलेटापुढं आकडा नव्हता. 'ए. पी. एस.' अशी अक्षरं होती. मला वाटलं मालकाची आद्याक्षरं. वेटर म्हणाला, "अॅज पर साइज, साब." आमच्या बँकेत याला फ्लोटिंग रेट म्हणतात, पण आम्ही तो निदान फळ्यावर लावतो.

वेटर नेपाळचा होता. म्हणजे डोंगरातला माणूस कोरडवाहू माणसाला समुद्रातला मासा समजावून सांगत होता. या गोष्टीची मला तरी गंमत वाटली. "एकदम फ्रेश," असं तो ज्या निष्ठेनं म्हणत होता ती बघून मला आमची विमा पॉलिसी विकणारी मंडळी आठवली.

पापलेट महाग का, हे मात्र मला माहीत होतं. प्रवासाला निघण्यापूर्वी मी विषयाचा अभ्यास करतो. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत एकसष्ट दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ, आणि समुद्रही खवळलेला. बंदी तोंडावर आलेली, पर्यटकांची झुंबड, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी पापलेटाला मार्चअखेरच्या कारकुनासारखा भाव येतो. त्यात २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं पापलेटाला राज्यमासा म्हणून जाहीर केलेलं. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरच्या माशाला साध्या भावात कसा मागायचा?

हे मी घरच्यांना सांगितलं तेव्हा अण्णांनी विचारलं, "राज्यमासा म्हणतोस, अन् खातोस?"

मी निरुत्तर झालो. खरंच, शेकरू हा आपला राज्यप्राणी. शेकरू मारलं तर तुरुंग. आणि पापलेट मारलं तर सोबत लिंबू.

ऑर्डर दिली ती अशी: एक पापलेट, दोन सुरमई थाळ्या, भाकरी, सोलकढी. बायकोचा गुरुवार होता, म्हणून पनीर टिक्का मसाला. चिरंजीवांना शेजवान राइस. "समुद्रावर येऊन शेजवान?" असं मी ओरडलो तेव्हा तो म्हणाला, "मेनूत आहे ना." अण्णा माळकरी. त्यांनी वरणभात मागितला. वेटर म्हणाला, "दाल फ्राय, जीरा राइस?" अण्णा म्हणाले, "फ्राय नको बाबा, साधं वरण." वेटरनं मान हलवली. ही हलवलेली मान पुढं आम्हाला महागात पडली.

त्यानंतर नाट्यप्रयोगात मोठा मध्यंतर झाला. आठ वाजता ऑर्डर गेली होती. साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. या काळात टेबलावर फक्त पाण्याच्या बाटल्या आल्या. चाळीस रुपये बाटली. छापील किमतीपेक्षा जास्त का, असा मी आवाज काढणार होतो, पण २०१७ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं हॉटेलवाल्यांच्या बाजूनं निकाल दिला आहे: तुम्ही नुसती बाटली घेत नाही, बसायची जागा आणि सेवाही घेता, म्हणून छापील किमतीचं बंधन नाही. जागा वाळूत चालली होती आणि सेवा दिसत नव्हती, पण कोर्टापुढं कोण बोलणार?

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की, समुद्राचा आवाज मोठा झालाय. मघाशी लांब असलेलं पाणी पुढं आलं होतं. पुढच्या रांगेतल्या टेबलांपासून वीस-पंचवीस पावलांवर लाटा फुटत होत्या. आमची ऑर्डर दिल्यापासून समुद्र एवढा चालत आला. वेटरला स्वयंपाकघरातून येववेना.

हे वाक्य मी अण्णांना ऐकवायला वळलो, तर अण्णांची खुर्ची रिकामी.

आधी वाटलं, हात धुवायला गेले असतील. मुलगा बघून आला. नव्हते. बायको बायकांच्या रांगेत विचारून आली. नव्हते. मुलगी पाण्याच्या दिशेनं पळाली. तिथं दिव्यांच्या माळांचा उजेड संपत होता आणि पुढं सगळा काळोख होता. मी "अण्णा" म्हणून हाक मारली. ती हाक कर्ण्यातल्या गाण्यानं खाल्ली. मालकाला ओरडून सांगितलं, "आधी ते बंद करा!" गाणं बंद झालं, आणि नुसता समुद्र ऐकू यायला लागला. मंडळी, तो आवाज मला अजून रात्री ऐकू येतो. जन्मभर पाण्याची पातळी बघत आलेला माणूस. पाणी पुढं येताना दिसल्यावर बघायला जाणारच की. त्या पाच-सात मिनिटांत मी काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही. त्यात फ्रीज होता, बोअर होतं.

हॉटेलाच्या मागून तो नेपाळी पोरगा धावत आला. "साब, बाबाजी इधर!"

मागं स्वयंपाकघराच्या दाराशी पिवळा दिवा. एका पाटावर अण्णा, मांडी घालून. समोर केळीचं पान. पानावर दोन घावणे आणि वाटीत काळसर आमटी. शेजारी मालकाची म्हातारी आई नारळ खवत बसलेली. अण्णा जेवत होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. घरी स्वयंपाक मनासारखा असला की अण्णा टोपी काढतात. आई गेल्यापासून मी ती गुडघ्यावर पाहिली नव्हती.

"आजोबा वायंच पाणी बघूक इलेले," म्हातारी म्हणाली. "इचारलंय, जेवलास? म्हणाले, वरण येतला. आमच्याकडे वरण खंय? घरातल्यांसाठी काळ्या वाटाण्यांचा सांबारा केलेला, ता वाढलंय."

मला रागवायचं होतं. अण्णा म्हणाले, "तू बी बस. ही आमटी खाऊन बघ. आपल्या येसराच्या आमटीची बहीणच हाय, फक्त नारळाच्या घरी दिलेली."

मी उभ्या उभ्या बोट बुडवून चाटलं आणि टीकाकार म्हणून मला तिथं जे समजलं ते असं. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, भिजवून शिजवलेले काळे वाटाणे, वरून नावापुरतं तिखट. एवढ्यात तो पदार्थ उभा होता. शेजारच्या पातेल्यात सोलकढी होती, फिकट गुलाबी, आमसुलाचा आगळ आणि नारळाचं दूध, लसणीचा वास लागलेली. बाहेर आमच्या टेबलावर शेवटी जी सोलकढी आली तिचा रंग दांडियातल्या घागऱ्याला शोभला असता. बाहेरच्या सुरमईला रव्याचं चिलखत चढवलं होतं. चिलखत फोडून आत गेल्यावर योद्धा केव्हाच गतप्राण झाल्याचं कळलं. पापलेट ताजं होतं, पण त्याच्यावर इतका मसाला होता की राज्यमासा गुप्त वेशात फिरतोय असं वाटावं. पनीर पंजाबातही असतं, जालन्यातही असतं, आणि तिथंही तसंच होतं.

म्हणजे एकाच छपराखाली दोन हॉटेलं होती. पुढचं आमच्यासाठी, मागचं घरच्यांसाठी. मागच्याचा मेनू छापलेला नव्हता. पहिल्यांदा मला मालकाचा राग आला. मग मी आमच्या टेबलावरची ऑर्डर आठवली. पनीर बायकोनं मागवलं होतं, शेजवान चिरंजीवांनी. रव्याचं चिलखत 'कुरकुरीत पाहिजे हं' असं बजावून मीच चढवून घेतलं होतं. सहा पानं मालकानं आमच्यासारख्यांची फर्माईश ऐकूनच छापली. आणि आम्ही तरी काय करतो? मुंबईचे पाहुणे जालन्याला आले की त्यांना मोठ्या हॉटेलात व्हेज कोल्हापुरी खाऊ घालतो, आणि ज्वारीची भाकरी, ठेचा, येसराची आमटी 'हे काय पाहुण्यांना द्यायचं' म्हणून आतल्या खोलीत झाकून ठेवतो. पाहुणे गेल्यावर झाकण काढतो आणि पोटभर जेवतो. सगळ्या महाराष्ट्राची चव अशी मागच्या दारी बसलेली आहे. पुढच्या दारी सगळीकडे एकच लाल रस्सा.

हॉटेलावर माझा खरा आक्षेप उशिराचा नाही, भावाचाही नाही. आपल्या घरातलं उत्तम ते दाखवायला ते लाजतं, हा आहे. आणि तो आक्षेप घेण्याचा हक्क मला नाही, हाही त्याच आक्षेपाचा पोटभाग आहे.

जेवण साडेनऊला आलं. मग बिल आलं. बिल हा माझा प्रांत. पापलेट ८५०, सुरमई थाळ्या ९००, पनीर २८०, शेजवान २२०, भाकरी १५०, सोलकढी १५०, पाणी १६०. बेरीज २७१०. पाच टक्के जीएसटी १३५ रुपये ५० पैसे. त्याखाली सेवा शुल्क २७१. मी काउंटरवर गेलो आणि म्हणालो, "सेवा शुल्क गिऱ्हाइकाच्या मर्जीवर असतं. ते आपोआप बिलात लावता येत नाही." मालकानं मुकाट्यानं खोडलं. शहाण्या गिऱ्हाइकापुढं हॉटेलवाला नमतो, हे बघायला घरचं कुणी जवळ नव्हतं याचं वाईट वाटलं. ते पैसे मी नंतर त्या नेपाळी पोराच्या हातावर ठेवले. सेवा त्यानं केली होती. नोंद फक्त चुकीच्या खात्यात होती.

पण बिल तपासताना दुसरी चूक सापडली. अण्णांचं जेवण बिलात नव्हतं. दोन घावणे, सांबारा, सोलकढी. आत येईल ते नावे, बाहेर जाईल ते जमा, हे पहिल्या वर्षाला शिकलो. आणि कॅश जास्त भरली तरी कारकुनाला झोप येत नाही. मी मागच्या दारी जाऊन म्हातारीपुढं शंभराच्या दोन नोटा धरल्या.

तिनं नोटांकडं बघितलंसुद्धा नाही. "जा मेनूत नाय," ती म्हणाली, "ता बिलात खयसून येतला?"

बी.कॉम.ला तीन वर्षं घालवून हा नियम मला कुणी शिकवला नव्हता.

खोलीकडं परतताना अण्णा पाण्याजवळ थांबले. समुद्र आता भरात होता. म्हातारीनं त्यांना सगळं समजावलं होतं. "दिवसातून दोनदा भरतं म्हणे," अण्णा म्हणाले. "पाऊस नाही, मोटार नाही. अन् आपल्या गल्लीत नळाची वाट बघून डोळे दुखतात." मग थोडं थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिला दाखवायला पाहिजे होतं."

मी काही बोललो नाही. बँकेत ज्या रकमेचा ताळा लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. कधीतरी जुळेल म्हणून. काही रकमा तिथंच राहतात.

मुलीनं पुन्हा मोबाईल काढला. "आजोबा, तुम्हीच सांगा. किती स्टार देऊ?"

अण्णांनी वर बघितलं. उकाडा होता, पण आभाळ स्वच्छ होतं.

"हॉटेलला तुला वाटतील तेवढे दे," अण्णा म्हणाले. "पन त्या म्हातारीला द्यायचे तर हे वरचे मोजून घे. अन् खाली लिही, मागच्या दारानं या म्हणावं."